हॅरोच्या टेकडीखाली राहणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

लंडनच्या हॅरो, वील्डस्टोन, केन्टन, पिनर आणि रेनर्स लेन भागातल्या समस्त मराठी मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, मे महिना तोंडावर आला आहे. आता आपल्या घरोघरी आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतील. सहा महिन्यांचा व्हिसा आणि दोन मोठ्या बॅगा, त्यातली एक लोणची-मसाल्यांची. पहिले दोन शनिवार-रविवार आपण त्यांना बिग बेन, टॉवर ब्रिज आणि बकिंगहॅम पॅलेस दाखवतो, तिसऱ्या रविवारी नीसडनचं मंदिर. मग आपली रजा संपते. पुढचे महिने ते नातवंडांना शाळेत सोडतात, आणतात आणि उरलेल्या वेळात खिडकीशी बसून "इथे रस्त्यावर माणूस कसा दिसत नाही गं?" असं विचारतात.

आपल्यापैकी निम्म्या घरांच्या खिडकीतून टेकडी दिसते. टेकडीवरचा चर्चचा निमुळता मनोराही दिसतो. तिथे वर काय आहे ते मात्र पाहुण्यांना कोणी सांगितलेलं नसतं, कारण आपणच कधी वर गेलेलो नसतो. "हॅरो-ऑन-द-हिल" हे नाव रोज मेट्रोपॉलिटन लाइनच्या फलाटावर वाचायचं आणि गाडी बदलून निघून जायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

म्हणून या उन्हाळ्यात टेकडीवर मराठीतून फेऱ्या काढाव्यात आणि पाहुण्यांच्या हातात द्यायला मराठी माहितीपत्रक छापावं, असं मी ग्रुपवर सुचवलं. उत्साहाने मजकूरही तयार झाला. तो फिरत फिरत माझ्याकडे आला, तो वाचला आणि हे पत्र लिहायला बसले.

त्या मजकुरात काय होतं? पंडित नेहरू इथल्या हॅरो स्कूलमध्ये शिकले, चर्चिल इथे शिकले, कवी लॉर्ड बायरन इथे शिकला, इंग्लंडचे सात पंतप्रधान या शाळेतून निघाले आणि "जगातला पहिला मोटार अपघात" इथेच झाला. संपलं. थोरामोठ्यांची हजेरी आणि शेवटी एक चूक. एवढ्यासाठी गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढ चढायला लावू नका.

आधी ती चूक दुरुस्त करू. ग्रोव्ह हिल नावाच्या उतारावर भिंतीला एक पाटी आहे. ज्यात चालकाचा मृत्यू झाला असा ब्रिटनमधला नोंदवलेला पहिला मोटार अपघात इथे २५ फेब्रुवारी १८९९ रोजी झाला, एवढंच ती म्हणते. त्याआधी १८९६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली होती, पण ती पायी चालत होती. हॅरोत गेला तो एडविन सेवेल, वय ३१. गाडी डेमलर कंपनीची होती आणि ती विकत घ्यावी की नाही हे ठरवायला लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची माणसं तिच्यात बसली होती. म्हणजे आजच्या भाषेत टेस्ट ड्राइव्ह! उतारावर वेग वाढला, वळणावर ब्रेक लावला आणि मागच्या चाकाने दगा दिला. सेवेल जागीच गेला. त्याच्याबरोबरचे मेजर जेम्स रिचर, वय ६३, शुद्धीवर न येताच चार दिवसांनी गेले. घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९६९ साली, ही पाटी लावली आणि तिच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत "जपून" असा इशारा कोरला. आपल्या घाटातली "अति घाई संकटात नेई" ही पाटी आठवल्याशिवाय राहत नाही. तो उतार आजही तेवढाच तीव्र आहे. पाटीसमोर उभं राहून मागे वळून वर पाहिलं की ब्रेक का लावावा लागला ते सांगायला वाटाड्या लागत नाही.

आता वर सेंट मेरीज चर्चकडे चला. टेकडीची उंची सव्वाशे मीटरच्या आसपास. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही टेकडी म्हणायलाही संकोच वाटेल, पण भोवतीचा सगळा मुलूख सपाट असल्यामुळे तिचा रुबाब मोठा आहे. चर्च पवित्र करण्याचा विधी १०९४ चा, कॅंटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांच्या हातचा. मनोऱ्याचा खालचा भाग बाराव्या शतकातला आणि वरचं शिशाच्या पत्र्याने मढवलेलं निमुळतं शिखर पंधराव्या शतकातलं. इतिहास एवढा पुरे. पाहुण्यांना चर्चच्या आत थोडं आणि बाहेरच्या दफनभूमीत जास्त फिरवा, कारण सगळी गंमत (आणि सगळं दुःख) बाहेर आहे.

थॉमस पोर्ट याचा दगड तिथे आहे. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या एका टोप्या बनवणाऱ्याचा हा मुलगा लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेवर गार्ड होता. ७ ऑगस्ट १८३८ रोजी या गावाजवळ आगगाडीने त्याचे दोन्ही पाय तुटले. शल्यवैद्यांनी पुन्हा वरून पाय कापले, ते त्याने मोठ्या धैर्याने सोसलं आणि रक्तस्राव होऊन तो गेला. वय ३३. हे सगळं दगडावर असंच, काहीही न झाकता, कोरलेलं आहे. खाली सहा ओळींचं पद्य आहे. सकाळी बिचारा पोर्ट ताजातवाना उठला, गाडीवर नेहमीच्या खुशीत होता, दुपारच्या आत त्याचा छिन्नविच्छिन्न देह उचलून आणला आणि संध्याकाळी प्रेत उरलं, असा त्याचा मतलब. आजच्या कुठल्याही कुटुंबाने असा मजकूर दगडावर कोरू दिला नसता. पण १८३८ साली आगगाडी ही इतकी नवी चीज होती, की तिच्याखाली माणूस कसा मरतो हे लोकांना सांगावंसं वाटलं असेल. लंडन ते बर्मिंगहॅम हा मार्ग पुढच्याच महिन्यात पूर्ण सुरू झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावायला अजून पंधरा वर्षं होती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याबरोबर मनमाडचे एक आजोबा होते, मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. बाकीचे बायरनच्या थडग्याकडे गेले, हे पोर्टच्या दगडाशी थांबले. चष्मा पुसून एकेक ओळ बोटाने वाचली. शेवाळाने बुजलेली दोन अक्षरं नखाने मोकळी करायला निघाले, तेव्हा मी हात धरला. मग विचारतात, "ड्यूटीवर गेला ना हा? कंपनीने घरच्यांना काही दिलं का?" आमच्यातल्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. पत्रकात पोर्टला अर्धं पान द्या, असं मी म्हणते ते या आजोबांमुळे.

बायरनचं म्हणाल तर ते थडगं त्याचं नव्हेच. ते आहे जॉन पीची नावाच्या माणसाचं, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावरच्या. त्या बेटावर तेव्हा गुलामांच्या कष्टावर ऊस पिकत असे, हेही एका वाक्यात सांगायला हरकत नाही. बायरन १८०१ ते १८०५ या काळात हॅरोच्या शाळेत होता आणि तासन्‌तास या थडग्यावर बसून समोरचा मुलूख न्याहाळत असे. हवा स्वच्छ असली तर इथून विंडसरच्या दिशेला लांबवर दिसतं. पुढे तो इतका गाजला, की त्याचे भक्त आठवण म्हणून थडग्याचे तुकडे काढून नेऊ लागले. शेवटी त्याला लोखंडी जाळीचा पिंजरा घालावा लागला. बिचारे पीची, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि पिंजऱ्यात हे.

पण बायरनपेक्षाही पाहुण्यांना दाखवण्यासारखी आहे त्याची मुलगी. अलेग्रा ही बायरन आणि क्लेअर क्लेअरमाँट यांची विवाहाबाहेरची मुलगी. बापाने तिला इटलीत बान्याकावाल्लोच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं आणि तिथेच ती एप्रिल १८२२ मध्ये तापाने गेली. वय पाच. जिवंतपणी तिच्याकडे फारसं न पाहिलेल्या या बापाने मग तिचं पार्थिव हॅरोला पाठवलं. तिला चर्चमध्ये पुरावं आणि भिंतीवर तिच्या नावाची शिळा लावावी, अशी त्याची इच्छा होती. चर्चच्या कारभाऱ्यांनी शिळा नाकारली. अनौरस मुलीचं नाव चर्चच्या भिंतीवर लागलं तर लोक काय म्हणतील, ही चिंता. दक्षिण दाराच्या ड्योढीजवळ तिला खुणेशिवाय पुरलं. १९८० साली बायरन सोसायटीने तिथे छोटी पाटी लावली, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी. आत भिंतींवर इतरांच्या शिळा आहेत त्या बघा आणि मग बाहेर येऊन ही बघा. बापाला काय म्हणायचं, कारभाऱ्यांना काय म्हणायचं, ते आपल्या आज्या बरोबर ठरवतील. मागच्या वेळी ठरवलंच होतं. ते इथे छापण्यासारखं नाही.

चर्चकडून शाळेकडे उतरताना भिंतीवर एक पाटी दिसते. लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. माझ्या मते आपल्यासाठी टेकडीवरची सगळ्यात महत्त्वाची पाटी तीच. अँथनी अ‍ॅशली कूपर, पुढचे लॉर्ड शाफ्ट्सबरी, शाळकरी वयात या जागी उभे होते. एका गरिबाची अंत्ययात्रा चालली होती. खांदेकरी दारू प्यालेले, आरडाओरडा करत गाणी म्हणणारे, आणि शवपेटी त्यांच्या हातून निसटून खाली पडली. त्या मुलाला शरम वाटली, संताप आला आणि आयुष्यभर गरिबांच्या बाजूने उभं राहायची प्रेरणा त्यातून मिळाली, असं पाटी म्हणते. एका प्रसंगाने माणूस घडतो असं मी मानत नाही, पण त्यांचं पुढचं काम खरं आहे. कापडगिरण्यांतल्या मुलांच्या कामाचे तास कमी करणं, १८४२ साली बायका आणि लहान मुलांना खाणीखालच्या कामातून सोडवणं, या लढायांत ते पुढे होते.

आणि हाच माणूस म्हातारपणी मुंबईच्या गिरण्यांबद्दल बोलला. १८७५ साली आणि पुन्हा १८७९ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या गिरणी कामगारांचा प्रश्न मांडला. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम. नऊ तास! आणि हीच सुधारणा! लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईचं स्वस्त कापड खुपत होतं आणि त्यांनाही हा कायदा हवा होता, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. शिवाय मोठ्या कामगारांना त्या कायद्याने ना सुट्टी दिली, ना कामाचे तास ठरवून दिले. ते मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन, 'दीनबंधु' वृत्तपत्रातलं लेखन आणि शेवटी १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुट्टी. पत्रकात शाफ्ट्सबरींच्या खाली लोखंड्यांचं नाव घाला. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेला एखादा आजोबा बरोबर असेल, तर पुढची माहिती तोच देईल.

तिथून पुढे सगळ्या इमारती शाळेच्या. इथे मुंबईकरांनी डोळे उघडे ठेवावेत. शाळेचं चॅपल आणि वॉन लायब्ररी बांधली ती जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. सेंट मेरीजची एकोणिसाव्या शतकातली डागडुजीही त्यांचीच. हेच स्कॉट मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या दीक्षान्त सभागृहाचे, ग्रंथालयाचे आणि राजाबाई टॉवरचे वास्तुकार. मुंबईत पाऊल न ठेवता त्यांनी ते नकाशे लंडनहून पाठवले. वॉन लायब्ररी १८६३ ची, राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ साली. लायब्ररीच्या टोकदार कमानीच्या खिडक्या पाहा आणि ओव्हल मैदानावरून दिसणारं ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. हात एकाच माणसाचा आहे, फक्त तिकडे ऊन-पावसासाठी व्हरांडे आले. समोरची अर्धवर्तुळाकार स्पीच रूम, म्हणजे शाळेचं सभागृह, विल्यम बर्जेस यांची. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठीही आराखडा केला होता, तो बांधला गेला नाही. पहिल्या महायुद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मारकाची इमारत हर्बर्ट बेकर यांची, ज्यांनी नव्या दिल्लीचं सचिवालय बांधलं आणि लट्यन्स यांच्याबरोबर जुनं संसद भवन. दगड इथले, पण नकाशे करणारी माणसं आपल्या शहरांतही वावरत होती, निदान कागदावर तरी.

शाळेबद्दल मात्र थोडं हात राखून लिहा. ती काढली जॉन लायन नावाच्या शेतकऱ्याने, १५७२ साली पहिल्या एलिझाबेथकडून सनद मिळवून, गावातल्या मुलांना फुकट शिकता यावं म्हणून. शिवाय मेरिलेबोनकडची जमीन त्याने लंडनहून हॅरोकडे येणाऱ्या रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी लावून दिली. (त्या जमिनीच्या उत्पन्नातून आज त्याच्या नावाची संस्था लंडनच्या उत्तर-पश्चिमेकडच्या मुलांच्या कामांना पैसे देते.) पुढे फी भरणारी बाहेरची मुलं वाढत गेली आणि गावची मुलं कडेला पडली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावकरी कोर्टातही गेले आणि हरले. १८७६ साली गावच्या मुलांसाठी वेगळी शाळा काढावी लागली. गवती टोप्या घातलेली मुलं रस्त्यावर दिसली की आपली मंडळी फोन काढतात. तेवढं टाळा, ती कोणाची तरी लेकरं आहेत.

जुन्या इमारतीतल्या फोर्थ फॉर्म रूम नावाच्या वर्गाच्या लाकडी भिंतींवर शेकडो मुलांनी नावं कोरलेली आहेत, बायरनचंही आहे. आपल्याकडे गडावर नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या घालतो, इथे तेच नाव तिकीट लावून दाखवतात. तीनशे वर्षं थांबलं की खोडीचाही वारसा होतो! आत जायचं तर शाळेची मार्गदर्शित फेरी आधी ठरवावी लागते, वाटेल तेव्हा आत शिरता येत नाही.

आणि नेहरू? घ्या ना, जरूर घ्या. पण "नेहरू इथे शिकले" एवढंच लिहू नका. १९०५ साली पंधराव्या वर्षी ते आले आणि १९०७ मध्ये केंब्रिजला गेले. मुलं त्यांना 'ज्यो' म्हणत. बक्षीस म्हणून मिळालेल्या पुस्तकातून त्यांना इटलीचा स्वातंत्र्यवीर गॅरिबाल्डी भेटला आणि इटलीच्या लढ्यात त्यांना हिंदुस्थान दिसू लागला. त्यांच्याच हाउसमध्ये, म्हणजे वसतिगृहात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे एक चिरंजीव होते, क्रिकेटमुळे शाळेत लोकप्रिय. हे नेहरूंनीच लिहून ठेवलं आहे. चर्चिल त्यांच्या आधी दीडएक दशक याच शाळेत होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चर्चिल पंतप्रधान असताना नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं, ते १९४५ च्या मार्चपर्यंत. म्हणजे एका हॅरोकराच्या सरकारने दुसऱ्या हॅरोकराला आपल्या नगरच्या किल्ल्यात बसवलं. नगरकडची मंडळी आपल्यात बरीच आहेत. त्यांनी किल्ल्यातली ती खोली पाहिली असेल, तर हा परिच्छेद त्यांनीच लिहावा.

बाकीचं दोन-दोन ओळींत उरका. हिरवळीवर किंग्ज हेड हॉटेलची उंच पाटी आठव्या हेन्रीच्या चित्रासह उभी आहे. हॉटेल बंद होऊन तिथे फ्लॅट झाले, पाटी तेवढी राहिली. पहिल्या चार्ल्स राजाने १६४६ साली पळून जाताना घोड्यांना जिथे पाणी पाजलं म्हणतात, ती विहिरीची जागा ग्रोव्ह हिलवर आहे. "म्हणतात" हा शब्द गाळू नका.

आता व्यवहाराचं. वर चढत जाऊ नका, बसने जा आणि उतरत या. हॅरो बस स्टेशनवरून २५८ नंबरची बस टेकडीवर जाते. ट्यूब स्टेशनला आता लिफ्ट आहे, त्यामुळे काठीवाल्यांचीही सोय आहे. उतरताना ग्रोव्ह हिलने या, म्हणजे सेवेलची पाटी शेवटी येईल. दफनभूमीत गवताखाली जमीन उंचसखल आहे, चपला-सँडल नकोत. आज्यांनी साडीवर बूट घातले तर कोणी हसत नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणून दुपारी दोननंतरची वेळ ठेवू. पत्रकाचा टाइप मोठा हवा, कागद चकचकीत नको, उन्हात वाचता येत नाही. आणि थोरामोठ्यांचे फोटो टाकण्यापेक्षा पोर्टच्या दगडावरचा सगळा मजकूर मराठीत छापा.

माझ्या वाट्याला पोर्ट आणि अलेग्रा द्या, ती दोन पानं मी लिहून देते. शाफ्ट्सबरी-लोखंडे कोणी घेतं का? इमारतींसाठी आपल्यात दोन आर्किटेक्ट आहेत, ते गप्प का आहेत? नगरकरांना वर सांगितलंच आहे. छपाईचा खर्च वर्गणीतून निघेल, गणपतीच्या वर्गणीत हात घालायची गरज नाही.

पहिली फेरी मेच्या दुसऱ्या रविवारी काढू. दुपारी दोन वाजता स्टेशनच्या लोलँड्स रोडकडच्या दाराशी जमायचं, छत्री घेऊन. खाऊ आणाच, पण चर्चच्या आवारात डबे उघडू नका. किंग्ज हेडच्या पाटीखालच्या हिरवळीवर बसू, चहाचा थर्मास मी आणते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वील्डस्टोनची एक शेजारीण